बालकांमधील रक्तदाब

जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या वयात धमन्यांतून वाहणारे रक्त त्यांच्या भित्तींवर जो दाब टाकते, त्यास बालकांमधील रक्तदाब असे म्हणतात. प्रौढांप्रमाणेच तो मिलिमीटर पारा या एककात मोजतात आणि दोन आकड्यांत लिहितात. मात्र प्रौढांसाठी जशी एकच ठरावीक मर्यादा वापरता येते, तशी ती बालकांसाठी वापरता येत नाही. मुलाचा सामान्य रक्तदाब त्याचे वय, लिंग आणि उंची यांनुसार बदलतो. त्यामुळे एखादे मापन सामान्य आहे की वाढलेले, हे त्याच वयाच्या, लिंगाच्या आणि उंचीच्या निरोगी मुलांच्या मापनांशी तुलना केल्यावरच ठरते.

बालवयातील उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता राहतो आणि मोजल्याशिवाय कळत नाही. जगभरातील अभ्यासांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार १९ वर्षांपर्यंतच्या वयोगटात त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के आहे. लहान मुलांत तो अनेकदा मूत्रपिंड, महाधमनी किंवा अंतःस्रावी ग्रंथींच्या एखाद्या विकाराचा पहिला पुरावा असतो. मोठ्या मुलांत त्याचा संबंध प्रामुख्याने स्थूलता, आहार आणि आनुवंशिकता यांच्याशी असतो.

स्वरूप

हृदयाची डावी जवनिका आकुंचन पावते तेव्हा धमन्यांतील दाब सर्वाधिक होतो. यास आकुंचन दाब किंवा व्यवहारात ‘वरचा’ दाब म्हणतात. हृदय शिथिल होऊन पुन्हा भरत असताना दाब सर्वांत कमी होतो. हा प्रसरण दाब किंवा ‘खालचा’ दाब होय. दोन्ही दाबांतील फरकास नाडीदाब म्हणतात. रक्तदाब मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतो: हृदय दर मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते आणि बारीक धमन्या त्या प्रवाहाला किती रोध करतात. शरीरातील मीठ व पाणी यांचे प्रमाण मूत्रपिंडे राखतात, त्यामुळे दीर्घकालीन नियंत्रणात त्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो.

नवजात अर्भकाचे हृदय मिनिटाला १२० ते १६० वेळा धडधडते, परंतु त्याचा रक्तदाब कमी असतो. पूर्ण दिवसांच्या बाळाचा वरचा दाब पहिल्या दिवशी साधारणतः ६५ ते ७५ असतो आणि पुढील काही दिवसांत तो लक्षणीयरीत्या वाढतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो याहूनही कमी असतो. बाल्यावस्थेत नाडीचा वेग कमी होत जातो आणि रक्तदाब हळूहळू वाढत जातो. पौगंडावस्थेत ही वाढ पुन्हा वेग घेते आणि त्या काळात मुलांचा वरचा दाब मुलींपेक्षा अधिक होतो.

वय, उंची आणि शततमक

बालकांच्या रक्तदाबाचा अर्थ लावण्यासाठी शततमक, म्हणजेच पर्सेंटाइल, ही संख्याशास्त्रीय संकल्पना वापरतात. एकाच वयाची, लिंगाची आणि उंचीची १०० निरोगी मुले रक्तदाबाच्या चढत्या क्रमाने उभी केली, तर ज्या आकड्याच्या खाली ९० मुलांचा दाब येतो तो ९० वा शततमक होय. प्रवेश परीक्षांच्या निकालांत वापरली जाणारी पर्सेंटाइल पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. फरक इतकाच की परीक्षेत वरचे स्थान हवेसे असते आणि येथे ते काळजीचे कारण ठरते.

उदाहरणार्थ, ११२/७० हे मापन १२ वर्षांच्या मुलात सामान्य मर्यादेत मोडते. हेच मापन ४ वर्षांच्या मुलात त्याची उंची कितीही असली तरी ९५ व्या शततमकाच्या वर जाते आणि ते वारंवार आढळल्यास उच्च रक्तदाबाचे निदान होते. प्रौढांच्या १२०/८० या मर्यादेशी तुलना केल्यास मात्र दोन्ही मुले निरोगी वाटतील. लहान मुलांतील उच्च रक्तदाब नजरेआड राहण्याचे हे एक प्रमुख कारण आहे: मापन होते, आकडा नोंदला जातो, पण तो वयाच्या तक्त्याशी ताडून पाहिला जात नाही.

एकाच वयाच्या मुलांतही उंचीनुसार मर्यादा बदलते. १० वर्षांच्या बुटक्या आणि उंच मुलग्यांच्या वरच्या दाबाच्या ९० व्या शततमकांत सुमारे सात-आठ मिलिमीटरांचा फरक पडतो. म्हणून रक्तदाबाचा तक्ता वाचण्यापूर्वी मुलाची उंची मोजून ती वाढीच्या आलेखावर कोठे येते हे पाहावे लागते.

वर्गीकरण

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले वर्गीकरण जगात मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. त्यातील तक्ते सामान्य वजनाच्या सुमारे ५० हजार अमेरिकन मुलांच्या मापनांवर बेतलेले आहेत. २००४ च्या आधीच्या तक्त्यांत स्थूल मुलांचाही समावेश होता. नव्या तक्त्यांतून ती वगळल्याने मर्यादा काही मिलिमीटरांनी खाली आल्या.

| वर्ग | १ ते १३ वर्षांखालील | १३ वर्षे व त्यापुढील |
|---|---|---|
| सामान्य | ९० व्या शततमकाच्या खाली | १२०/८० च्या खाली |
| वाढलेला | ९० व्या शततमकापासून, किंवा १२०/८० पासून, ९५ व्या शततमकाच्या खालपर्यंत | वरचा १२० ते १२९ आणि खालचा ८० च्या खाली |
| उच्च रक्तदाब, पहिला टप्पा | ९५ व्या शततमकापासून त्याहून १२ मिमी अधिकच्या खालपर्यंत, किंवा १३०/८० ते १३९/८९ | १३०/८० ते १३९/८९ |
| उच्च रक्तदाब, दुसरा टप्पा | ९५ व्या शततमकाहून १२ मिमी किंवा अधिक, अथवा १४०/९० व त्यापुढे | १४०/९० व त्यापुढे |

तेरा वर्षांखालील रकान्यात जेथे दोन पर्याय दिले आहेत तेथे त्यांपैकी कमी असलेला आकडा ग्राह्य धरतात. वरचा आणि खालचा दाब वेगवेगळ्या वर्गांत येत असल्यास त्यांतील अधिक गंभीर वर्ग लागू होतो. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शततमकांचा वापर १६ वर्षांखालील मुलांसाठी केला असून त्यापुढील वयासाठी प्रौढांची १४०/९० ही मर्यादा स्वीकारली आहे.

पूर्ण तक्ता वाचणे वेळखाऊ असल्याने प्राथमिक चाळणीसाठी पुढील सोपा तक्ता देण्यात आला आहे. तो त्या वयाच्या सर्वांत कमी उंचीच्या मुलांच्या ९० व्या शततमकावर आधारलेला आहे. यातील कोणत्याही एका आकड्याइतका किंवा त्याहून अधिक दाब आढळल्यास मुलाची पुढील तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ आहे. या तक्त्यावरून उच्च रक्तदाबाचे निदान करता येत नाही.

| वय (वर्षे) | मुलगे | मुली |
|---|---|---|
| १ | ९८/५२ | ९८/५४ |
| २ | १००/५५ | १०१/५८ |
| ३ | १०१/५८ | १०२/६० |
| ४ | १०२/६० | १०३/६२ |
| ५ | १०३/६३ | १०४/६४ |
| ६ | १०५/६६ | १०५/६७ |
| ७ | १०६/६८ | १०६/६८ |
| ८ | १०७/६९ | १०७/६९ |
| ९ | १०७/७० | १०८/७१ |
| १० | १०८/७२ | १०९/७२ |
| ११ | ११०/७४ | १११/७४ |
| १२ | ११३/७५ | ११४/७५ |
| १३ व पुढे | १२०/८० | १२०/८० |

मापन

बालकाच्या रक्तदाबाचे मापन चुकण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे अयोग्य आकाराचा पट्टा. पट्ट्यातील रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या ८० ते १०० टक्के आणि रुंदी किमान ४० टक्के असावी लागते. दंडाचा घेर २० सेंटिमीटर असेल, तर पिशवी १६ ते २० सेंटिमीटर लांब आणि निदान ८ सेंटिमीटर रुंद हवी. हा घेर खांद्याचे हाड आणि कोपर यांच्या मध्यबिंदूवर मोजतात. पट्टा अरुंद असल्यास दाब प्रत्यक्षाहून अधिक दिसतो, तर फार मोठा असल्यास कमी दिसतो. म्हणजेच प्रौढांचा पट्टा लहान मुलाच्या दंडाला गुंडाळल्यास खरोखरचा उच्च रक्तदाब झाकला जाऊ शकतो. याउलट स्थूल किशोरास प्रौढांचा मोठा पट्टा, क्वचित मांडीसाठीचा पट्टाही लागतो. पट्ट्यांवर छापलेल्या ‘शिशु’, ‘बालक’ अशा नावांवर विसंबून न राहता घेर मोजून पट्टा निवडणे अपेक्षित असते.

मापनापूर्वी मुलाला तीन ते पाच मिनिटे शांत बसवतात. पाठीला आधार असावा, पाय जमिनीवर किंवा पाटावर टेकलेले असावेत आणि एकावर एक ठेवलेले नसावेत. हात हृदयाच्या पातळीवर आधार देऊन ठेवतात, दंडावर कपडा ठेवत नाहीत आणि मापन चालू असताना बोलू देत नाहीत. रडणाऱ्या, घाबरलेल्या किंवा नुकत्याच धावून आलेल्या मुलाचे मापन विश्वासार्ह नसते. अर्भकाचे मापन ते झोपलेले किंवा शांत असताना करतात.

मापन उजव्या दंडावर करतात. तक्ते उजव्या हाताच्या मापनांवरून तयार झाले आहेत. शिवाय महाधमनीच्या जन्मजात संकोचात डाव्या हाताचा दाब खोटा कमी येण्याची शक्यता असते. स्टेथोस्कोपने मापन करताना पट्ट्याची खालची कड कोपराच्या खळग्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवतात. नाडी लागेनाशी होते त्या बिंदूच्या २० ते ३० मिलिमीटर वर पट्टा फुगवून दर सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या वेगाने हवा सोडतात. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा दाब आणि ठोके पूर्णपणे थांबतात तो खालचा दाब होय. काही लहान मुलांत ठोके शून्यापर्यंत ऐकू येतात. अशा वेळी आवाज दबका होतो तो बिंदू खालचा दाब मानतात.

स्वयंचलित यंत्रे धमनीतील कंपनांवरून मध्यम दाब ओळखतात आणि त्यावरून वरचा व खालचा दाब गणिताने काढतात. चाळणीसाठी ती सोयीची असली तरी ते यंत्र बालकांसाठी पडताळलेले असावे लागते. यंत्रावर दाब अधिक आढळल्यास स्टेथोस्कोपने त्याची खात्री करतात. पहिले मापन वाढलेले असल्यास त्याच भेटीत आणखी दोन मापने घेऊन सरासरी काढतात.

निदान

एका मापनावरून उच्च रक्तदाबाचे निदान करत नाहीत. लक्षणे नसलेल्या मुलात तीन वेगवेगळ्या भेटींत दाब ९५ व्या शततमकाइतका किंवा त्याहून अधिक आढळला, तरच ते निदान पक्के होते. याचे कारण असे की मुलांचा रक्तदाब भीती, वेदना, ताप आणि हालचाल यांनी सहज वाढतो आणि पुढील भेटींत बहुधा खाली येतो. दाब दुसऱ्या टप्प्यात असल्यास पुनर्तपासणी आठवड्याभरात करतात किंवा मुलाला तज्ज्ञाकडे पाठवतात. त्यासोबत डोकेदुखी, उलट्या, आकडी अशी लक्षणे असल्यास, किंवा दाब ९५ व्या शततमकाहून ३० मिलिमीटरांनी अधिक असल्यास, अथवा किशोरवयीन मुलात १८०/१२० च्या वर गेल्यास तातडीने रुग्णालयात दाखल करणे आवश्यक असते.

दवाखान्यात दाब वाढलेला आणि घरी सामान्य, या स्थितीस शुभ्रवस्त्र रक्तदाब असे म्हणतात. याच्या उलट दवाखान्यात सामान्य परंतु इतर वेळी वाढलेला दाब म्हणजे प्रच्छन्न उच्च रक्तदाब. तो स्थूल मुले, मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार असलेली मुले आणि महाधमनीच्या संकोचावर उपचार झालेली मुले यांच्यात विशेषकरून आढळतो. दोन्ही ओळखण्यासाठी पाच वर्षांवरील मुलांत २४ तासांचे चलमापन करतात. यात मूल नेहमीचे व्यवहार करत असताना आणि झोपेत असताना ठरावीक अंतराने यंत्र आपोआप दाब नोंदवते. निरोगी मुलात रात्रीचा दाब दिवसापेक्षा सुमारे १० टक्के किंवा अधिक उतरतो. हा उतार नसणे हे मूत्रपिंडाच्या विकाराचे किंवा निद्रेतील श्वासरोधाचे सूचक असू शकते.

कारणे

दुय्यम उच्च रक्तदाब

ज्या रक्तदाबाच्या मुळाशी दुसरा विकार असतो त्यास दुय्यम उच्च रक्तदाब म्हणतात. मूल जितके लहान आणि दाब जितका जास्त, तितकी दुय्यम कारणाची शक्यता अधिक असते.

मूत्रपिंडाचे विकार हे यातील सर्वांत मोठे कारण आहे. घशातील किंवा त्वचेवरील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गानंतर होणारा मूत्रपिंडाच्या केशिकागुच्छांचा दाह भारतातील मुलांत नेहमी आढळतो. खरजेवर चिघळलेले फोड किंवा घसा दुखून गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी चेहऱ्यावर, विशेषतः सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, लघवी कमी होते आणि तिचा रंग चहासारखा होतो. या आजारात रक्तदाब काही दिवसांतच धोकादायक पातळीवर जाऊ शकतो आणि कधी कधी आकडी येणे हेच त्याचे पहिले ठळक लक्षण असते. वेळेवर दाब मोजून उपचार केल्यास बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. मूत्रपिंडावर व्रण ठेवणारे वारंवारचे मूत्रसंसर्ग, जन्मजात रचनादोष आणि बहुपुटीय मूत्रपिंड ही इतर कारणे होत.

मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाल्यास मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचते आणि ते रेनिन हे द्रव्य स्रवून दाब वाढवते. भारतीय मुलांत या अरुंदतेचे प्रमुख कारण ताकायासू धमनीदाह हे आहे. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये त्याचे वर्णन केले. यात महाधमनी व तिच्या शाखा सुजून अरुंद होतात आणि एखाद्या हाताची नाडी लागेनाशी होऊ शकते.

महाधमनीच्या जन्मजात संकोचात हातांचा दाब वाढतो आणि पायांचा कमी होतो. एरवी पायांचा दाब हातांपेक्षा १० ते २० मिलिमीटरांनी अधिक असतो. म्हणून उच्च रक्तदाब असलेल्या प्रत्येक मुलाची जांघेतील नाडी तपासणे आणि हात व पाय दोहोंचा दाब मोजणे हा तपासणीचा अनिवार्य भाग आहे. शस्त्रक्रियेने किंवा फुग्याच्या साहाय्याने संकोच दूर केल्यावरही दाब पुन्हा वाढू शकतो, त्यामुळे आयुष्यभर देखरेख लागते.

अधिवृक्क ग्रंथींचे विकार, अवटू ग्रंथीचे विकार, निद्रेतील श्वासरोध आणि शिशाची विषबाधा ही आणखी काही कारणे आहेत. स्टेरॉइड, नाक मोकळे करणारी काही औषधे, अवधानन्यूनतेवरील उत्तेजक औषधे आणि गर्भनिरोधक गोळ्या यांनीही दाब वाढतो. ज्येष्ठमधाचे अतिसेवन हेही ज्ञात कारण आहे. नवजात बालकांत नाभिधमनीत नळी घातल्यानंतर तयार झालेली रक्ताची गुठळी मूत्रपिंडाच्या धमनीत अडकून उच्च रक्तदाब होऊ शकतो.

प्राथमिक उच्च रक्तदाब

ज्यात विशिष्ट कारण सापडत नाही तो प्राथमिक उच्च रक्तदाब होय. सहा वर्षांवरील मुलांत, विशेषतः स्थूलता आणि आई-वडील किंवा आजी-आजोबांना उच्च रक्तदाब असल्याचा इतिहास असलेल्या मुलांत, आता हाच प्रकार अधिक दिसतो. अधिक मीठ, शीतपेये, बैठी दिनचर्या आणि अपुरी झोप यांचा त्यास हातभार लागतो.

जन्मवजनाशीही रक्तदाबाचा संबंध आढळला आहे. मूत्रपिंडातील गाळण करणारे घटक, म्हणजे नेफ्रॉन, गर्भावस्थेच्या सुमारे ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार होतात; पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळात त्यानंतर त्यांची संख्या वाढत नाही. गर्भाची वाढ खुंटल्यास किंवा बाळ फार लवकर जन्मल्यास ते कमी संख्येने तयार होतात आणि पुढे रक्तदाब वाढण्याची प्रवृत्ती निर्माण होते, अशी उपपत्ती बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात जन्मलेल्या मुलांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठव्या वर्षीचे वजन सारखे धरले असता कमी जन्मवजनाच्या मुलांचा वरचा दाब अधिक आढळला. जन्मतः लहान असूनही आठव्या वर्षी अंगावर अधिक चरबी असलेल्या मुलांत हृद्रोग व मधुमेह यांचे धोक्याचे घटक सर्वाधिक होते. कमी वजनाच्या बाळाला लवकर ‘गुटगुटीत’ करण्याचा आग्रह या दृष्टीने विचार करण्याजोगा ठरतो.

लक्षणे व परिणाम

बहुसंख्य मुलांत लक्षणे नसतात. दाब फार वाढल्यास डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणे, नाकातून रक्त येणे, चेहऱ्याचा पक्षाघात, आकडी किंवा शुद्ध हरपणे ही लक्षणे दिसतात. अर्भकांत दूध नीट न पिणे, किरकिर, धाप आणि वजन न वाढणे एवढीच चिन्हे असू शकतात.

दीर्घकाळ वाढलेल्या दाबामुळे हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत जाड होते, दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्या बदलतात आणि मूत्रपिंडांची हानी होते. हे बदल बालवयातच दिसू शकतात. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात १९७३ मध्ये सुरू झालेल्या बोगालुसा हृदय अभ्यासासारख्या दीर्घ निरीक्षणांतून, बालपणी वरच्या शततमकांत असणारी मुले प्रौढपणीही बहुधा वरच्याच गटात राहतात, असे दिसून आले. अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलिया येथील सुमारे ३८ हजार व्यक्तींच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित अभ्यासात बालपणीचा वाढलेला रक्तदाब हा मध्यम वयातील हृदयविकार व पक्षाघात यांच्याशी निगडित असल्याचे आढळले.

तपासणी कोणाची व केव्हा

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या शिफारशीनुसार तीन वर्षांपासून प्रत्येक मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजावा. स्थूलता, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, महाधमनीचा संकोच किंवा दाब वाढवणारी औषधे चालू असल्यास तो प्रत्येक भेटीत मोजावा. ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेली किंवा नवजात अतिदक्षता विभागात राहिलेली बालके, जन्मजात हृदयविकार, वारंवार मूत्रसंसर्ग, मूत्रपिंडाचे आनुवंशिक विकार किंवा अवयव प्रत्यारोपण असलेली बालके यांचा दाब तीन वर्षांआधीही मोजावा.

याविषयी मतभेदही आहेत. अमेरिकेतील प्रतिबंधात्मक सेवा कृतिदलाने २०२० मध्ये असा निष्कर्ष दिला की, लक्षणे नसलेल्या सर्व मुलांची सरसकट तपासणी केल्याने होणारे लाभ व हानी यांचा तोल ठरवण्यासाठी उपलब्ध पुरावा अपुरा आहे. अनावश्यक तपासण्या आणि पालकांची चिंता हा एका बाजूचा आक्षेप आहे. दुसऱ्या बाजूने असे मांडले जाते की मापन स्वस्त व वेदनारहित आहे आणि त्यातून मूत्रपिंडाचे व महाधमनीचे उपचारक्षम विकार वेळीच सापडतात. धोक्याचे घटक असलेल्या मुलांच्या तपासणीबाबत मात्र दुमत नाही.

निदान झाल्यावर लघवीची तपासणी, रक्तातील क्रिएटिनिन, युरिया व क्षार आणि मेदद्रव्ये तपासतात. सहा वर्षांखालील मुलांत, तसेच लघवीत दोष आढळल्यास, मूत्रपिंडांची सोनोग्राफी करतात. स्थूल मुलांत साखर व यकृताच्या चाचण्या जोडतात. औषधे सुरू करण्याचा विचार असल्यास हृदयाची प्रतिध्वनी तपासणी करून जवनिकेची जाडी पाहतात.

उपचार

वाढलेला रक्तदाब आणि लक्षणे नसलेला पहिल्या टप्प्याचा उच्च रक्तदाब यांत प्रथम जीवनशैलीतील बदल सुचवतात. फळे, भाज्या, डाळी, अखंड धान्ये आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर आणि मीठ व साखर यांत कपात हा आहाराचा गाभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचवले असून मुलांसाठी ते त्यांच्या ऊर्जेच्या गरजेनुसार आणखी कमी करण्यास सांगितले आहे. महाराष्ट्रीय घरांत पापड, लोणचे, फरसाण, चिवडा, वेफर्स आणि पाकिटबंद नूडल्स यांतून येणारे मीठ शिजवलेल्या भाजी-आमटीतील मिठात भर घालते. आठवड्यातून तीन ते पाच दिवस प्रत्येकी ३० ते ६० मिनिटे दमवणारा खेळ किंवा व्यायाम आणि पुरेशी झोप यांचाही लाभ होतो. हे बदल सबंध कुटुंबाने स्वीकारल्यास मुलात ते टिकतात.

सहा महिन्यांनंतरही दाब न उतरल्यास, लक्षणे असल्यास, दुसऱ्या टप्प्याचा दाब असल्यास, किंवा मधुमेह अथवा मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार असल्यास औषधे देतात. एसीई रोधक, अँजिओटेन्सिन ग्राही रोधक, दीर्घकाळ टिकणारे कॅल्शियम मार्ग रोधक आणि थायाझाइड मूत्रल हे मुख्य वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांतील औषधे गर्भास अपायकारक असल्याने किशोरवयीन मुलींना त्याची स्पष्ट कल्पना देतात. दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद असल्यास ही औषधे टाळतात. उपचाराचे उद्दिष्ट दाब ९० व्या शततमकाखाली आणि १३ वर्षांपुढे १३०/८० च्या खाली आणणे हे असते. मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार असलेल्या मुलांसाठी ते अधिक कडक आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एस्केप’ या युरोपीय चाचणीत अशा मुलांचा २४ तासांचा मध्यम दाब ५० व्या शततमकाखाली ठेवल्याने मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावल्याचे दिसून आले.

आणीबाणीच्या स्थितीत शिरेवाटे औषध देऊन दाब नियंत्रित वेगाने उतरवतात. पहिल्या आठ तासांत नियोजित घटीच्या एक चतुर्थांशाहून अधिक घट करत नाहीत, कारण दाब एकदम पडल्यास मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. दुसऱ्या टप्प्याचा दाब आटोक्यात येईपर्यंत वजन उचलण्यासारखे खेळ टाळण्यास सांगतात. इतर मुलांना खेळण्यापासून रोखण्याची गरज नसते.

न्यून रक्तदाब

निरोगी मुलाचा रक्तदाब थोडा कमी असणे हा आजार नव्हे. प्रार्थनेच्या वेळी उन्हात उभे राहून भोवळ येणाऱ्या किशोरांत दाब क्षणिक उतरतो. आडवे करून पाय उंचावल्यास मूल बहुधा लगेच सावरते. वारंवार किंवा खेळताना शुद्ध हरपत असल्यास मात्र हृदयाची तपासणी आवश्यक ठरते.

अतिसार, रक्तस्राव, तीव्र जंतुसंसर्ग किंवा डेंग्यू यांतील न्यून रक्तदाब गंभीर असतो. आपत्कालीन उपचारांत १ ते १० वर्षांच्या मुलासाठी ७० अधिक वयाची दुप्पट ही वरच्या दाबाची किमान मर्यादा मानतात. पाच वर्षांच्या मुलासाठी ती ८० येते. १० वर्षांपुढे ती ९० आणि महिन्यावरील अर्भकासाठी ७० धरतात. मुलांच्या रक्तवाहिन्या घट्ट आवळल्या जात असल्याने शरीरातील द्रव बराच कमी होईपर्यंत दाब टिकून राहतो आणि मग एकाएकी कोसळतो. त्यामुळे जलद नाडी, थंडगार हातपाय, दाबलेल्या नखाचा रंग उशिरा परतणे, लघवी कमी होणे आणि सुस्ती ही चिन्हे दाब सामान्य असतानाही धोक्याची मानतात. डेंग्यूत खालचा दाब चढून नाडीदाब अरुंद होतो. १००/८२ या मापनात वरचा दाब ठीक वाटला, तरी नाडीदाब केवळ १८ आहे. डेंग्यूच्या रुग्ण बालकात २० किंवा त्याहून कमी नाडीदाब हे आघाताचे, म्हणजे शॉकचे, लक्षण आहे.

इतिहास

इंग्लंडमधील स्टीव्हन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत नळी घालून केलेल्या रक्तदाबाच्या मापनाचे वर्णन १७३३ मध्ये प्रसिद्ध केले. इटलीतील शिपिओने रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाभोवती गुंडाळण्याचा पट्टा वापरात आणला. तो फार अरुंद असल्याने दाब खोटा अधिक येतो, हे हाइनरिश फॉन रेकलिंगहाउझेन यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. सेंट पीटर्झबर्ग येथील निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये स्टेथोस्कोपने ठोके ऐकण्याची पद्धत मांडली.

बालकांसाठी स्वतंत्र मानके मात्र बरीच उशिरा आली. अमेरिकेतील कृतिदलाचा पहिला अहवाल १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९८७, १९९६ आणि २००४ मध्ये सुधारित अहवाल निघाले. उंचीनुसार मर्यादा ठरवण्याची पद्धत १९९६ च्या अहवालापासून रूढ झाली. पाऱ्याच्या वापरावर मर्यादा आणणाऱ्या २०१३ च्या मिनामाता करारानंतर पाऱ्याचे रक्तदाबमापक मागे पडत असून त्यांची जागा तबकडीची व इलेक्ट्रॉनिक यंत्रे घेत आहेत. या यंत्रांची अचूकता ठरावीक काळाने तपासून घ्यावी लागते.

भारतातील स्थिती

इंडियन सोसायटी ऑफ पेडियाट्रिक नेफ्रॉलॉजी या संस्थेने बालकांतील उच्च रक्तदाबाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००७ मध्ये प्रसिद्ध केली. उंची व वजन यांसाठी इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे भारतीय मुलांचे वाढीचे आलेख उपलब्ध आहेत. स्थूलता ओळखण्यासाठी ते प्रौढ आशियाई लोकांच्या मर्यादांशी जुळवलेले आहेत, कारण भारतीयांत कमी वजनालाही शरीरातील चरबीचे प्रमाण अधिक असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथून झाली. या कार्यक्रमाची फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्या व शासकीय शाळांतील मुलांची तपासणी करतात. जन्मजात हृदयविकार हा त्यांच्या यादीतील एक प्रमुख विषय आहे. अशा तपासणीत मुलाची उंची, दंडाच्या घेराला साजेसा पट्टा आणि वयानुसार ताडून पाहिलेला रक्तदाब या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यास, लक्षणांवाचून राहिलेला मूत्रपिंडाचा किंवा महाधमनीचा विकार शाळेतच लक्षात येऊ शकतो.